दादाचा हात

१

त्या उन्हाळ्यात माझे सगळे रविवार सारखेच जात. सकाळी सिडकोतल्या घरून निघायचं, जालना रोडनं शेंद्र्याच्या कंपन्या मागं टाकायच्या, करमाडच्या अलीकडं शेताच्या रस्त्याला वळायचं आणि तात्यांच्या घरी पोचल्यावर चहा उकळायच्या आत जीपचं बोनेट उघडायचं.

जीप माझ्याहून वयानं मोठी. तात्या, म्हणजे माझे वडील, पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते, तेव्हा त्यांनी सरकारी लिलावात घेतलेली. पेट्रोलवर चालणारी, चारी चाकांना जोर असलेली, कापडी टपाची. दुसऱ्या कुणाच्या दारात असती तर कधीच भंगारात गेली असती. पण २०१६ च्या त्या दुष्काळात तिच्याशिवाय भागत नव्हतं. घराजवळची विहीर दिवाळीतच कोरडी पडली होती. पाणी उरलं होतं ते शेताच्या पार टोकाच्या जुन्या विहिरीत, आणि तिथं जायचं म्हणजे आधी मुरमाचा चढ, मग दगडगोट्यांचा ओढा. टँकर तिकडं उतरायला तयार नव्हता. तात्या जीपमध्ये ड्रम टाकून जात, घरकाम करणारी कडूबाई बादलीनं पाणी शेंदून ड्रम भरी, आणि ते पाणी मोसंबीला. आजूबाजूच्या लोकांनी बागा केव्हाच तोडल्या होत्या. चहूकडं प्लॉटचे चुना लावलेले दगड रोवलेले, 'विमानतळापासून जवळ' असल्या पाट्या, आणि मधोमध तात्यांची मोसंबी तेवढी हिरवी.

ती हिरवी राहायची तर जीप चालू व्हायला हवी होती, आणि जीप सकाळी चालू व्हायचं नाव घेत नव्हती. सेल्फ मारला की इंजिन फिरायचं, पण उचलायचं नाही. मी आधी प्लग काढून ठिणगी बघायची. मग इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाची छोटी दांडी हातानं वरखाली करून कार्बोरेटर भरून घ्यायची. मग चोक अडकलाय का ते बघायचं. पुन्हा सेल्फ. बराच वेळ खोकून, काळा धूर सोडून ती एकदाची धरायची, तोवर माझा सलवार-कमीज घामानं अंगाला चिकटलेला असायचा.

तात्या दारात उभे राहून बघायचे. लहानपणापासून मी त्यांच्याशेजारी टॉर्च धरून उभी राहिले, पाने पुसून हातात दिले, त्यातूनच इंजिन शिकले. आज शहरात पॉलिटेक्निकला ऑटोमोबाइल शिकवते. तात्यांनी शाबास असं कधी म्हटलं नाही. काम जमलं की "ठीक" म्हणायचे. तेवढ्या एका शब्दासाठी मी पोरपणाच्या कित्येक सुट्ट्या ऑइलमध्ये घातल्या. मी त्यांची एकुलती एक. आई लक्ष्मीबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती. तात्यांचं 'ठीक' मिळवायला दुसरं कुणी नव्हतं, ही गोष्ट मी मनातल्या मनात माझी मालमत्ता समजत आले होते.

त्या रविवारी इंजिन धरलं आणि मी वळून त्यांच्याकडं पाहिलं. ते 'ठीक' म्हणाले नाहीत.

"दादाचा हात लागला की एका सेल्फमध्ये उठती," ते म्हणाले. "तुझा हात जड आहे, नंदा."

२

आमच्याकडं कुणाही तरण्या पोराला दादाच म्हणतात. मला वाटलं, करमाडच्या गॅरेजातला कुणी येत असेल.

"कोण दादा, तात्या?"

"आपला दादा," असं म्हणून ते आत गेले.

मी इंजिन बंद केलं आणि नीट बघत बसले. एखाद्याचं काम बघितलं की माणूस कळतो. माझे विद्यार्थी काम करून गेले तर कुठला बोल्ट कुणी आवळला ते मी सांगू शकते. इथं कुणीतरी हात लावला होता, यात शंका नव्हती. मी मागच्या आठवड्यात ठेवून गेले होते त्यापेक्षा सगळं स्वच्छ होतं. डिस्ट्रिब्युटरची टोपी काढली. आतले पॉइंट, जिथं ठिणगीचा करंट जोडला-तोडला जातो ते दोन बारके ठिपके, आरशासारखे घासलेले. हा हात चांगला होता. माझ्यापेक्षा चांगला होता, हे मला तिथंच कळलं आणि ते मला आवडलं नाही.

मग वायरी दिसल्या. प्लगच्या चारही वायरी एकत्र करून दोऱ्यानं बांधल्या होत्या, आणि दोऱ्याची गाठ तात्यांची होती. दुहेरी पीळ देऊन टोक खालून आत घेतलेली. उष्णतेनं सैल पडत नाही आणि नखानं ओढली तर एका झटक्यात सुटते. धरणाच्या कामावर असताना ती त्यांनी स्वतः शोधलेली. मी चौथीत होते तेव्हा घरामागच्या ओट्यावर त्यांनी ती मला शिकवली आणि हसून म्हणाले होते, ही कुणाला दाखवायची नाही बरं. आम्हा दोघांतलं गुपित म्हणावं असं तेवढंच काय ते होतं.

ही गाठ माझ्या गाठीपेक्षा सुबक होती. मी ती नखानं ओढून सोडली.

कडूबाई चुलीपुढं भाकरी थापत होती. "जीप दुरुस्त करायला कोण येतं गं?" मी विचारलं.

"कुणीच नाय येत, ताई."

"मग हे करतं कोण?"

"म्या नाय बगितलं."

"रोज तर जातेस जीपमधून विहिरीवर."

"आता पायीच जाते."

"काऊन?"

तिचा हात परातीत थांबला. "जागा नसती, ताई."

"जागा नसायला काय झालं? ड्रम मागं असतात. पुढं तू आणि तात्या."

तिनं भाकरी उचलून तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं, आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "तात्याच शेजारच्या शिटावर बसतात आता."

चुलीचा धूर डोळ्यांत जात होता, असं म्हणून मी बाहेर आले.

३

घरी आल्यावर नवऱ्याला, शिवमला, सांगितलं. शिवम शांत माणूस आहे. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"तात्या स्वतःच करतात आणि विसरतात," तो म्हणाला. "वय झालं, नंदा. एकटे राहतात. मनानं एक मुलगा उभा केलाय त्यांनी. गाठ त्यांचीच आहे म्हणतेस ना? मग बांधली कुणी असणार?"

हे पटण्यासारखं होतं, आणि मी पटवून घेतलं. पण वर्षभरापासून तात्यांचे हात थरथरत होते. सदऱ्याची बटणं कडूबाई लावून द्यायची. चहा बशीत ओतताना अर्धा सांडायचा. पॉइंटमधलं अंतर लावायचं काम असं असतं की श्वाससुद्धा जपून घ्यावा लागतो. ते त्या हातांनी होणार नव्हतं.

पुढच्या रविवारी मी घरून ठरवून गेले. जीप चालू केली, ड्रम आणून दिले, आणि निघण्याआधी पॉइंटचं अंतर बिघडवून ठेवलं. कार्बोरेटरचा स्क्रूही फिरवला. तात्या स्वतः करत असतील तर कळेल, असं मी स्वतःला सांगितलं. खरं तर आठवडाभर जीप चालू होऊ नये आणि रविवारी त्यांनी माझी वाट बघावी, असं मला वाटत होतं.

त्यांनी वाट बघितली नव्हती. मी पोचले तेव्हा मोसंबीच्या आळ्यांत पाणी चमकत होतं. बोनेट उघडलं तर अंतर जिथल्या तिथं, स्क्रू बरोबर, आणि मी सोडलेली गाठ पुन्हा बांधलेली.

तात्या बदलत चालले होते. बघणाऱ्याला वाटावं, माणूस सुधारला. दाढी केलेली, जेवण वाढलेलं. कडूबाई सांगायची, दिवसभर बोलत असतात. माझ्याशी मात्र त्यांचं बोलणं कमी कमी होत गेलं. मी खुर्ची ओढून जवळ बसले तर ते पाहुण्याशी बोलावं तसं उन्हाविषयी बोलत, आणि नजर माझ्या खांद्यावरून पत्र्याच्या शेडकडं जाई, जिथं जीप उभी असायची. एकदा मी बोलत असताना ते मध्येच मान हलवून हसले. माझ्या बोलण्याला ते हसले नव्हते.

"कडूबाई," मी त्या दिवशी निघताना विचारलं, "आईला माझ्या आधी कुणी झालं होतं का?"

"मला काय ठावं, ताई. म्या तुमच्या मागून आले या घरात." मग म्हणाली, "तात्यांना शहरात घेऊन जा. लवकर न्या."

"ते यायला नको का?"

"बाग जळाली तर येतील," ती म्हणाली.

४

त्यानंतरच्या रविवारी जेवण झाल्यावर मी मधल्या खोलीत आडवी झाले. बाहेर ऊन असं होतं की पाखरूसुद्धा ओरडत नव्हतं. वीज गेलेली. तात्या उठून शेडकडं गेल्याचं चपलांच्या आवाजावरून कळलं. मग पत्र्याचं दार किरकिरलं.

थोड्या वेळानं एक आवाज यायला लागला. खस. खस. खस. मग थांबून तोंडानं फुंकर. पुन्हा खस, खस. पॉलिश पेपरनं पॉइंट घासल्याचा तो आवाज. मी झोपेतसुद्धा तो ओळखीन. एका लयीत, घाई नाही, दाब कुठं कमीजास्त नाही.

मी अनवाणीच उठले, अंगण ओलांडून शेडच्या पत्र्याजवळ गेले.

"हां," तात्या आत म्हणत होते. "हळू. असं. आता फुंकर घाल. वा!"

खस. खस.

"घाई नाय करायची. चुकलं तरी चालतं रे. मी हाये ना."

पायाखालची माती भाजत होती आणि मला पाय उचलायचं सुचत नव्हतं. तिसरी-चौथीत असताना माझ्या हातून एका बोल्टचे आटे गेले, तेव्हा तात्यांनी हातातला पाना माझ्या बोटांवर मारला होता. कॉलेजात पहिली आले तेव्हा ते म्हणाले होते, दुसऱ्याला चार मार्क कमी पडले म्हणून. 'चुकलं तरी चालतं' हे शब्द त्यांच्या तोंडात बसतात हेच मला ठाऊक नव्हतं. भीती वाटायला हवी होती. मला वाटली नाही. आत कुणीतरी बसून माझ्या वाटणीचं घेत होतं, एवढंच डोक्यात होतं.

मी दार ढकललं. आवाज थांबला.

तात्या स्टुलावर एकटे बसले होते. बोनेट उघडं. त्यांचा उजवा हात पुढं केलेला, त्यात बारका पाना, जसा कामात गुंतलेल्या माणसाला आपण धरून देतो तसा. मला बघून तो हात त्यांनी सावकाश खाली घेतला.

"झोप झाली?" त्यांनी विचारलं.

मडगार्डवर डिस्ट्रिब्युटरची टोपी उलटी ठेवलेली. पॉइंट नुकतेच घासलेले, खाली राखाडी भुकटी पडलेली. मी तात्यांचे दोन्ही हात उलटेपालटे करून बघितले. थरथरणारे, धुतल्यासारखे स्वच्छ हात. नखांतसुद्धा काळं नव्हतं.

"कोण होतं इथं?"

"गेला आत्ताच. तू आलीस की जातो."

"कुठून गेला? दारात तर मी आहे."

ते पुढं वाकून समजावल्यासारखं म्हणाले, "तुला भितो जरा. म्हणतो, तिला माझा राग येतो."

५

त्याच दिवशी निघताना मी जीपचा रोटर काढून घेतला. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीखाली फिरणारा, अंगठ्याएवढा तुकडा. ठिणगी एकेका प्लगला वाटून देतो. तो नसला तर इंजिन दिवसभर फिरवत बसा, एकही प्लग पेटणार नाही. त्याला उपाय नाही, हातचलाखी नाही. आणि त्या जुन्या जीपचा रोटर करमाडला तर नाहीच, शहरातही शोधून मिळाला नसता.

शिवमला मी सांगितलं की तात्यांनी जीप चालवणं आता धोक्याचं आहे. त्याला ते पटलं. झाडं दोन-चार दिवस तग धरतील, मग रोटर घेऊन जायचं आणि तात्यांनी माझ्यासाठी थांबायचं, असा माझा हिशोब होता. रोटर रुमालात गुंडाळून मी पर्समध्ये ठेवला. वर्गात शिकवतानासुद्धा मधूनच पर्समध्ये हात घालून तो आहे ना बघायची. आता दाखव तुझा हात, असं मनात यायचं. कुणाला म्हणत होते कोण जाणे.

मंगळवारी दुपारी क्रांती चौकात तात्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला उतरले होते. सिग्नलला रिक्षांची गर्दी, हॉर्न, पाण्याच्या टँकरमागं धावणारी मोटरसायकल. फोन वाजला. तात्यांचा. मी औषधाच्या दुकानाशेजारच्या जिन्यात शिरले.

"नंदा, उन्हाचं येऊ नको आता," तात्या म्हणाले. आवाज मोकळा, खुशीतला. "काम झालं."

"कसलं काम?"

"जीप. झाली चालू."

तेव्हा मला त्यांच्या आवाजामागचा आवाज कळला. इंजिन चालू होतं. दुसऱ्या कुणाचा ट्रॅक्टर असेल, असं मी अर्धा क्षण मनाशी धरून ठेवलं. पण तिसऱ्या सिलिंडरच्या टॅपेटची ती टकटक माझ्या ओळखीची होती. इतकं संथ, इतकं एकसारखं ते इंजिन मी कधी ऐकलं नव्हतं. माझ्या हातून ते तसं कधी झालंच नव्हतं. माझा दुसरा हात पर्समध्ये होता. रुमालातून रोटरची कड बोटांना टोचत होती.

"तात्या," मी म्हणाले, "ती चालू होणार नाही. मी—" आणि थांबले.

"दादानं केली. एका सेल्फमध्ये."

"त्याला फोन द्या."

"काय?"

"त्याला द्या फोन. मला बोलायचंय."

कापडाची सळसळ झाली. चपला मुरमावर चालल्या. इंजिनाचा आवाज मोठा होत गेला, म्हणजे तात्या फोन घेऊन जीपजवळ गेले असावेत. मी "हॅलो" म्हणाले. परत म्हणाले. मग कुणीतरी ॲक्सिलेटर अलगद दाबला, इंजिन जरासं चढलं आणि उतरलं. पुन्हा एकदा, तसंच अलगद. त्यात मिजास नव्हती. नव्या घरी आलेलं पाहुण्याचं पोर हाक मारल्यावर पुढं यावं की नाही अशा विचारात पाऊल टाकतं, तसं काहीतरी.

तात्या लांबून हसले आणि फोन कट झाला.

गोळ्या घ्यायच्या राहिल्या. मी तशीच गाडीत बसले आणि जालना रोडला लागले.

६

कडूबाई घराच्या सावलीत भिंतीला टेकून बसली होती. शेड रिकामी. तिनं काही न विचारता चढाकडं बोट केलं.

"किती जण आहेत?" मी विचारलं.

तिनं पदर तोंडावर घेतला.

मी चढायला लागले. मुरमावर टायरचे ताजे ठसे होते. ऊन डोक्यावर. डाव्या हाताला प्लॉटचे पांढरे दगड ओळीनं, त्यांच्यापलीकडं नव्या इमारतीचे उघडे खांब. दिवसाढवळ्या, शहराच्या इतक्या जवळ, ओव्हरसियरची मुलगी, ऑटोमोबाइलची लेक्चरर, स्वतःला सांगत चालले होते की कुणीतरी दुसरा रोटर आणला असेल, कुणीतरी भामटा म्हाताऱ्याच्या मागं लागला असेल, जमिनीवर डोळा असेल. मला तो भामटा हवा होता. त्याची गचांडी धरायला माझे हात शिवशिवत होते.

माथ्यावर पोचले तेव्हा ओढ्यातून खालच्या गिअरमध्ये इंजिनाचा आवाज येत होता. मग टप दिसला, मग काच. काचेवर सगळं ऊन एकवटलेलं, त्यामुळं आतलं दिसेना. जीप दगडांवरून अशी वर येत होती की मागच्या ड्रममधलं पाणी हिंदकळत नव्हतं. चालकाच्या शेजारच्या सीटवर तात्या. ते हसत होते. मान मागं टाकून, तोंड उघडून. त्यांचे मागचे दात मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

माझ्याजवळ येऊन जीप थांबली. इंजिन चालूच.

तात्यांनी माझ्याकडं बघितलं, मग चालकाच्या बाजूला वळून म्हणाले, "दादा, या बाई येतात अधूनमधून. चांगल्या आहेत. उन्हाच्या चालत आल्यात, त्यांना पाणी विचार."

मी समोरून वळसा घालून चालकाच्या बाजूला गेले. जीपला दारं नव्हती. टपाची सावली त्या सीटवर पडली होती, आणि उन्हातून आलेल्या माझ्या डोळ्यांना त्या सावलीत आधी फक्त हात दिसला. गिअरवर ठेवलेला. पंजा मनगटापर्यंत ऑइलनं काळा, आणि मनगटाच्या वर कातडी पांढरी. गोरी नव्हे, पांढरी. ज्या कातडीला कधी ऊनच लागलं नाही तशी. वर एक कान, गालाची कड. तो कान मी ओळखला. आरशात तो मी रोज बघते.

चेहरा माझ्याकडं वळायला लागला.

मी डोळे मिटून घेतले. पळाले नाही. का पळाले नाही ते मला आजही सांगता येत नाही. डोळे मिटूनच मी आत पाय टाकला आणि माझ्या तोंडून शब्द निघाले, भावंडं एकमेकांना म्हणतात तसे: "सरक. ती माझी जागा आहे."

तो सरकला.

सीटची स्प्रिंग करकरली. माझ्या बुडाखाली रेक्झिन कोमट होतं. माझ्या डाव्या खांद्याला एक खांदा लागला, क्षणभरच, आणि मला लागू नये म्हणून त्यानं तो अंग चोरून आवरून घेतला. धसमुसळेपणा नाही, राग नाही. थोरला धाकट्या बहिणीला जागा करून देतो, तशी त्यानं मला जागा करून दिली.

आणि इंजिन बंद पडलं. आचका देऊन नव्हे. कुणीतरी काळजीपूर्वक किल्ली फिरवावी तसं.

मी डोळे उघडले. स्टिअरिंगला माझे हात. शेजारी तात्या. त्यांच्या आणि माझ्यामध्ये रिकामं. तात्यांनी त्या रिकाम्या जागेवर हात फिरवला. मग वाकून सीटच्या खाली बघितलं. मग खाली उतरून मागच्या ड्रममध्ये बघितलं.

"दादा?" ते म्हणाले. मग ओढ्याच्या दिशेनं तोंड करून मोठ्यानं, "दादा! ए दादा!"

ते त्या दगडांतून धावत सुटले. मी त्यांच्यामागं धावले. दोनदा पडले ते. गुडघे फुटले. मी धरल्यावर त्यांनी माझा हात सोडवून घ्यायचा प्रयत्न केला, मग दमून एका दगडावर बसले आणि लहान मूल रडतं तसे रडायला लागले. मी त्यांना रडताना कधी बघितलं नव्हतं, आई गेली तेव्हासुद्धा नाही.

त्यांना घरी आणून निजवल्यावर मी परत माथ्यावर गेले आणि बोनेट उघडलं. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीखाली रोटरची जागा रिकामी होती. मी ती तशी ठेवली होती, तशीच.

७

रोटर बसवला. सेल्फ मारला. इंजिन फिरलं, उचललं नाही.

त्यानंतर मी सुट्टी काढून त्या जीपवर काम केलं. नवी बॅटरी, नवे प्लग, कॉइल बदलली, कार्बोरेटर पूर्ण खोलून धुतला. ठिणगी निळीशार पडत होती. पेट्रोल येत होतं. सिलिंडरमध्ये दाब चांगला होता. शिकवते त्या सगळ्या नियमांनी ते इंजिन चालू व्हायला हवं होतं. शहरातून ओळखीचा एक मेकॅनिक नेला, त्यानं दिवस घालवला आणि हात पुसत म्हणाला, "मॅडम, इसमें फॉल्ट कुछ हैइच नहीं." मग मी खालच्या आवाजात, कुणी ऐकणार नाही असं बघून, त्या इंजिनाशी बोललेसुद्धा. ये म्हणाले. मी बोलणार नाही काही, म्हणाले. उपयोग झाला नाही.

ती जागा मी लढून घेतली होती, आणि त्या जागेवर बसून मला काहीच चालू करता येत नव्हतं.

मोसंबी पंधरवड्यात वाळली. त्या वर्षी पुढं पाऊस बरा झाला, पण तोवर झाडांना फुटवा यायचं संपलं होतं. कडूबाई लेकीकडं सोयगावला निघून गेली. जाताना माझ्या पाया पडायला आली तेव्हा तिनं माझ्या मागं कुणी उभं आहे का, ते बघून घेतलं.

तात्या आमच्याकडं सिडकोत आले. त्यांनी विरोध केला नाही. ते सभ्य होते, फार सभ्य. मला 'तुम्ही' म्हणायचे. मी ताट वाढलं की "कशाला त्रास घेता" म्हणायचे. गॅलरीतल्या खुर्चीत बसून रस्त्याकडं बघायचे, आणि खालून एखादी जुनी गाडी गेली की उठून उभे राहायचे. रात्रंदिवस मी त्यांच्याजवळ होते, दुसरं कुणीच नव्हतं. मला हवं होतं ते सगळं मला मिळालं होतं.

दिवाळीनंतर त्यांना मेंदूच्या डॉक्टरांकडं नेलं. तरुण, गोड बोलणारे डॉक्टर. तात्यांना त्यांनी वार विचारला, गावाचं नाव विचारलं, त्यांची नोकरी कुठली होती ते विचारलं. तात्यांनी सगळं बरोबर सांगितलं, धरणाच्या कामावरच्या इंजिनिअरच्या नावासकट. डॉक्टर माझ्याकडं बघून हसले. स्मरणशक्ती तर उत्तम आहे, असं त्यांचा चेहरा सांगत होता.

"बरं आजोबा," त्यांनी विचारलं, "तुम्हाला मुलं किती?"

"एकच," तात्या म्हणाले. "मुलगा."

डॉक्टरांचं पेन थांबलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग पुन्हा तात्यांकडं. "अच्छा. कुठं असतो तो?"

तात्या खुर्चीत सावकाश वळले. त्या उन्हाळ्यानंतर ते पहिल्यांदाच माझ्याकडं नीट, सरळ बघत होते. त्यांच्या नजरेत धुकं नव्हतं, गोंधळ नव्हता.

"यांना विचारा," ते म्हणाले.